छोट्या बोर्डावर लिनक्स: आधी वही, मग कार्ड

बोर्ड मागवण्याआधी एक दोनशेपानी वही घ्या. विसरवाडीच्या बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक बसवायचं मनात असेल, तर या कामातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे. लिनक्स बसवणं तासाभराचं काम आहे. बसवलेलं लिनक्स तीन वर्षांनी, बसवणारे गुरुजी बदली होऊन गेल्यावरही चालू राहणं, हे खरं काम. ते वहीशिवाय होत नाही.

हा लेख विसरवाडी आणि नवापूर तालुक्यातल्या शिक्षकांसाठी, आयटीआय-कॉलेजातल्या मुलामुलींसाठी आणि गावात मोबाइल-संगणक दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आहे. धुळे-सुरत महामार्गावर रेंज भरपूर असते, पण आत पाड्यांकडे वळलं की तिचा भरवसा नाही. पावसाळ्यात लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. अशा ठिकाणी हा बोर्ड फार उपयोगी पडतो. पाच व्होल्टवर चालतो, वीज अगदी थोडी खातो, लिनक्स फुकट असल्यामुळे परवान्याचा खर्च नाही, आणि एकदा सामग्री भरून ठेवली की इंटरनेटशिवाय आख्खं वाचनालय वर्गातल्या मोबाइलवर आणून देतो.

कुठला बोर्ड घ्यावा? पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला आला, तेव्हापासून त्याच्या अनेक पिढ्या झाल्या. शाळेतल्या वाचनालयासाठी पाय ४ चा दोन किंवा चार जीबी रॅमचा बोर्ड पुरेसा आहे. कुणी जुना पाय ३ देत असेल तर तोही आनंदाने घ्या. पाय ५ वेगवान आहे, पण त्याला पाच अँपिअरचा चार्जर लागतो आणि तो तापतोही जास्त. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत त्याला पंख्याशिवाय ठेवू नये. ऑरेंज पाय, बनाना पाय असे स्वस्त बोर्डही मिळतात. ते वाईट नाहीत, पण पहिलाच बोर्ड असेल तर मी रास्पबेरीच सुचवेन. अडलात तर मदत सापडायला सोपं जातं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ गोंधळ इथेच होतो. नेहमीच्या संगणकात बायोस असतो. कुठलं उपकरण कुठे जोडलंय हे ऑपरेटिंग सिस्टिमला त्याच्याकडून कळतं. या छोट्या बोर्डांवर बहुधा तशी सोय नसते. बोर्डावर काय काय आहे याचं वर्णन ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाइल सुरुवातीलाच कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हातात द्यावी लागते. म्हणून एका मॉडेलची इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची लिनक्सची तयार फाइल, दुसऱ्या मॉडेलवर चालेलच असं नाही. दोन बोर्ड दिसायला सारखे असले तरी नाही. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव आणि आवृत्ती वाचा, वहीच्या पहिल्या पानावर उतरवा आणि त्याच नावाची इमेज उतरवून घ्या. रास्पबेरी चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ ही कमांड दिली की मॉडेल, रॅम आणि पिनांचा नकाशा असं सगळं दिसतं. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. इतर कंपन्यांच्या बोर्डांसाठी ‘आर्म्बियन’ ही लिनक्सची आवृत्ती पाहा. तिथेही बोर्डागणिक वेगळी इमेज असते ती याच कारणाने.

आता कार्ड. स्वस्तात मिळणाऱ्या मायक्रो एसडी कार्डांत नकली माल असतो. वर ६४ जीबी छापलेलं, आत खरी जागा त्याच्या निम्मीही नसते. असं कार्ड सुरुवातीला छान चालतं आणि भरत आलं की फाइली गिळायला लागतं. ‘एफ-थ्री’ नावाचं लिनक्सवरचं एक छोटं साधन कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहतं आणि खरी क्षमता सांगतं. नवं कार्ड आधी त्यातून काढा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. कार्डाच्या पाकिटाचा फोटो आणि चाचणीचा निकाल वहीत. ‘ए-१’ किंवा ‘ए-२’ असं छापलेलं चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं कार्ड सुरुवातीला पुरतं. व्हिडिओ ठेवायचे असतील तर मोठं घ्या.

इमेज लिहायला ‘रास्पबेरी पाय इमेजर’ वापरा. तो विंडोजवरही चालतो. बोर्डाचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड निवडलं की तो पुढे सेटिंग विचारतो. घाईत ते वगळू नका. संगणकाचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वाय-फायसाठी देश भारत, वेळेसाठी आशिया-कोलकाता, आणि दुरून लॉगिन करण्यासाठी एसएसएच चालू, एवढं तिथेच भरून टाका. कुणी तुम्हाला ‘डीडी’ कमांडने इमेज लिहायला शिकवलं असेल तर एक पथ्य पाळा. कार्ड घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा डिस्कांची यादी दाखवणारी कमांड चालवा. दुसऱ्या वेळी यादीत जे नाव नव्याने दिसेल तेच कार्डाचं. ते नाव चुकलं तर डीडी काहीही न विचारता मुख्याध्यापकांच्या संगणकाची हार्ड डिस्क पुसून मोकळी होते.

यूट्यूबवर आणि जुन्या पुस्तकांत तुम्हाला सांगतील की वापरकर्ता ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’. एप्रिल २०२२ पासून तो ठरलेला वापरकर्ता काढून टाकला आहे. सांगतील, बूट फोल्डरमध्ये वाय-फायची अमुक फाइल टाका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘बुकवर्म’ आवृत्ती आली, तिच्यात नेटवर्क मॅनेजर आला आणि ती युक्ती बंद पडली. त्याच आवृत्तीत ‘कॉन्फिग’ फाइलसुद्धा बूट फोल्डरमधून आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेली. या सगळ्या सूचना ज्या दिवशी लिहिल्या गेल्या त्या दिवशी बरोबरच होत्या. त्या कुठल्या आवृत्तीसाठी आहेत, कुठल्या तारखेच्या आहेत, हे न लिहिल्यामुळे आज त्या नवख्या मुलाची दुपार खातात. आणि त्या मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष त्याचा नसतो. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर वर तारीख आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती लिहा. उतरवलेल्या इमेज फाइलचं पूर्ण नाव लिहा, लांबलचक असलं तरी. तिच्यासोबत दिलेला चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा, जुळवून पाहा आणि जुळला असं लिहा. रेंज तुटक असेल तर फाइल अर्धवट उतरण्याची शक्यता असते, ते इथेच कळतं.

बोर्ड पहिल्यांदा चालू करताना दिव्यांकडे लक्ष द्या. लाल दिवा विजेचा आणि हिरवा कार्ड वाचण्याचा. हिरवा अनियमित लुकलुकला की काम सुरू आहे. तो ठरावीक लयीत लुकलुकून थांबत असेल तर तो काहीतरी सांगतोय. चार वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फाइल सापडत नाही, सात वेळा असेल तर कर्नल सापडत नाही. दोन्ही वेळा बोर्ड बिघडलेला नसतो, कार्ड नीट लिहिलेलं नसतं. सगळं ठीक असताना दिवे कसे दिसतात हेही वहीत लिहा. बिघाड झाल्यावर समोरच्या माणसाला तुलनेला काहीतरी लागतं.

विजेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण बोर्ड ‘खराब’ ठरवून कपाटात टाकण्याचं बहुतेकदा हेच कारण असतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकाशातल्या विजेसारखं छोटं पिवळं चिन्ह दिसलं तर बोर्डाला पाच व्होल्ट पुरे पडत नाहीत. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ते उमटतं. दोष बहुधा चार्जरचा किंवा बारीक केबलचा असतो. पाय ३ ला अडीच अँपिअर, पाय ४ ला तीन अँपिअर लागतात. मोबाइलच्या चार्जरवर ‘फास्ट’ लिहिलेलं असतं, पण तो वेगळ्याच व्होल्टवर फास्ट असतो. पाच व्होल्टला किती अँपिअर देतो हे मागच्या बारीक अक्षरांत वाचा. पडदा जोडलेला नसेल तर ‘व्हीसी-जेन’ कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर शून्य एक्स शून्य आलं तर उत्तम. शून्य एक्स नंतर पाच आणि चार शून्यं आली तर आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि बोर्डाने वेग कमी केला होता. शेवटीही पाचच दिसत असतील तर या क्षणीही तेच चालू आहे. आधी चार्जर बदला, सॉफ्टवेअरशी झटापट नंतर. चार्जरवरचा मजकूर वहीत उतरवा आणि चार्जरवर चिकटपट्टी लावून ‘फक्त बोर्डासाठी’ असं लिहा, नाहीतर तो कुणाच्या तरी मोबाइलबरोबर घरी जाईल.

लाईट गेल्यावर कार्डाचं काय होतं? बोर्ड लिहीत असताना वीज तुटली तर फाइलप्रणाली बिघडू शकते. यावर चांगला उपाय आहे. ‘रास्पी-कॉन्फिग’च्या मेनूत परफॉर्मन्समध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ आहे. ती चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं आणि सगळे बदल रॅममध्ये राहतात. लाईट कितीही वेळा गेली तरी बोर्ड दर वेळी तसाच्या तसा उठतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ओव्हरले चालू असताना केलेला प्रत्येक बदल बोर्ड बंद केला की नाहीसा होतो. ज्याला हे माहीत नाही तो दिवसभर राबून सेटिंग करेल, दुसऱ्या दिवशी पाहील तर ये रे माझ्या मागल्या. म्हणून बोर्ड ठेवलेल्या डब्याच्या झाकणावर आतून ठळक अक्षरांत लिहा: ‘ओव्हरले चालू आहे. बदल करायचा तर आधी बंद करा, वही पान अमुक.’ मुलांची प्रगती साठवणारं ‘कोलिब्री’सारखं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्याचा डेटा वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावा लागेल. नुसतं वाचनालय असेल तर ती अडचण नाही.

घड्याळाचंही असंच. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर लाईट येऊन बोर्ड उठतो तेव्हा त्याची वेळ मागे राहिलेली असते आणि नोंदींच्या तारखा बिनकामाच्या होतात. ‘डीएस ३२३१’ नावाचं बटणसेलवर चालणारं छोटं घड्याळ चार वायरींनी जोडता येतं आणि कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ वाढवावी लागते. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

पडदाही नाही आणि नेटवर्कही नाही अशी वेळ आली तर सिरियल कन्सोल कामाला येतो. यूएसबी-टीटीएलचं छोटं अडॅप्टर लागतं. सहा नंबरची पिन ग्राउंड, आठवरून बोर्ड बोलतो, दहावर ऐकतो. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडायचं, वेग १,१५,२००. अडॅप्टर ३.३ व्होल्टचं हवं. त्याची पाच व्होल्टची तार या पिनांना अजिबात लावू नका, बोर्ड जळतो. रंगीत वायरी कशा लावल्या त्याचा वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा. शिवाय वहीत हाताने चित्र काढा. फोटोत एकमेकींखाली लपलेल्या वायरी चित्रात मोकळ्या दिसतात.

वाचनालयासाठी ‘किविक्स’ हे इंटरनेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर वापरा. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्यात एकाच फाइलमध्ये मिळतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. ती रेंज असलेल्या ठिकाणी बसून उतरवून घ्या. नेटवर्क मॅनेजरमधून बोर्डालाच हॉटस्पॉट करा, म्हणजे मुलांचे मोबाइल थेट त्याला जोडले जातील. किविक्स आपोआप सुरू व्हावं म्हणून ‘सिस्टिमडी’ची एक छोटी फाइल लिहावी लागते. ती वहीत शब्दशः उतरवा. बोर्डाच्या स्वतःच्या पडद्यावर मराठीऐवजी चौकोन दिसत असतील तर घाबरू नका, देवनागरी फाँट नाही एवढंच. ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ बसवा. मोबाइलवर वाचणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे अक्षरं मोबाइलच्याच फाँटने दिसतात.

आता वहीकडे येऊ. दवाखान्यातला केसपेपर जसा नव्या डॉक्टरलाही कामाला येतो, तशी ती हवी. बहुतेक लोक लिहितात ते ‘वाय-फाय सेटिंग केलं’ किंवा ‘एरर आला, नीट केला’. यातून पुढच्याला काहीच मिळत नाही. एक नोंद अशी असावी:

‘हॉटस्पॉट चालू होत नव्हता. पडद्यावरची ओळ: (जशीच्या तशी). कारण: वाय-फायचा देश निवडला नव्हता. उपाय: रास्पी-कॉन्फिगमध्ये लोकलायझेशन, मग डब्ल्यूलॅन कंट्री, तिथे भारत. बोर्ड पुन्हा चालू केला. तपासलं: दोन मोबाइल जोडले, विकिपीडिया उघडला. ओव्हरले आधी बंद केला होता, नंतर चालू केला.’

पाच-सहा ओळी, पण त्यात काय दिसलं, का झालं, काय केलं आणि झालं हे कशावरून, हे सगळं आहे. मराठीत लिहा, पण कमांड आणि पडद्यावरची एरर इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागा, टिंबं आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळून. लिनक्सला त्यांचा फरक पडतो. फाइल बदलली तर आधीची ओळ आणि नंतरची ओळ दोन्ही लिहा. न जमलेले प्रयत्नही लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्याच वाटेने जाणार नाही. पासवर्ड वहीत नको. तो बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि पाकीट कुठे आहे एवढंच वहीत. नोंदी फक्त त्याच कार्डावर ठेवल्या तर कार्ड गेलं की त्याही गेल्या, म्हणून कागद हवाच. टाइप केलेली प्रत पेनड्राइव्हवर ठेवली तर सोन्याहून पिवळं.

गावच्या शाळेत छोटे लिनक्स संगणक येणं आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जाणं, हे आपल्या राज्यात आधी घडलेलं आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे छोटे लॅपटॉप आले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, एक जीबीची साठवण आणि आत फेडोरावर उभं केलेलं लिनक्स. आजच्या पाय झिरो टू डब्ल्यूमध्येही त्याच्या दुप्पट रॅम आहे. त्या प्रयोगाचं मोल काय याबद्दल वाद होऊ शकतो. पण तिथे मुलं काय करत होती याच्या नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणूनच आज त्यावर बोलता तरी येतं. सरकारी योजनेतून, देणगीतून शाळांना यंत्रं मिळत राहतील. त्यांच्याबद्दलची माहिती मात्र बाहेरून येणार नाही, ती जिथल्या तिथेच लिहावी लागेल.

लिहिलेलं पुरेसं आहे का, हे ठरवायला एक सरळ चाचणी आहे. दुसरं कोरं कार्ड घ्या. बसवताना हजर नसलेल्या कुणाला तरी, दहावीतल्या एखाद्या मुलीला म्हणा, वही आणि कार्ड द्या आणि पहिल्यापासून सगळं उभं करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. ती कमांड टाइप करताना थबकली की पान उघडून पाहा, बहुधा तुम्ही एक पायरी ‘ही तर कळेलच’ म्हणून गाळलेली असते. तिने प्रश्न विचारला तर उत्तर तोंडी देऊ नका. उत्तर वहीत लिहा आणि तिला वाचू द्या. घरी मावची, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना आपलं पुस्तकी मराठी कुठे अडतं, तेही इथेच कळतं. ती वाक्यं सोपी करा, नाहीतर तिलाच तिच्या शब्दांत लिहू द्या. हे धीराचं काम आहे. पण त्या दुपारनंतर गावात बोर्ड बसवता येणारी दोन माणसं असतात.

तिने तयार केलेलं कार्ड पुसू नका. तेच राखीव. पाकिटात घालून, वर तारीख आणि आवृत्ती लिहून डब्यातच चिकटवा. मुख्य कार्ड गेलं तर कार्ड बदलून पाच मिनिटांत वाचनालय पुन्हा सुरू होईल. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की राखीव कार्ड एकदा घालून बोर्ड उठतो का पाहा, आणि पाहिल्याची नोंद करा.

ऑपरेटिंग सिस्टिमची नवी मोठी आवृत्ती आली की चालू कार्डावरच ती चढवू नका. रास्पबेरीवाले स्वतःसुद्धा नव्या कार्डावर नवी इमेज लिहायलाच सांगतात. वहीत नवं पान उघडा, जुनं खोडू नका. नवं कार्ड महिनाभर नीट चाललं, दोन-चार वेळा लाईट जाऊनही उठलं, की आधीचं कार्ड राखीव म्हणून पाकिटात जाईल. तोवर दोन्ही कार्डं आणि दोन्ही पानं हाताशी असू द्या.